एकाच ऑफिसातले चार पगार

श्रोतेहो, नमस्कार.

जून-जुलैच्या दिवसांत कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात डोकावून बघा. खिडकीबाहेर रांग लागलेली असते. आत प्रवेशाचे अर्ज, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, टीसी, बोनाफाईड, परीक्षा अर्ज, आणि सर्व्हर बंद पडला की सगळ्यांचाच आरडाओरडा. खिडकीबाहेरच्या पोराला आतली माणसं सगळी सारखीच. टेबलावरच्याला तो सर म्हणतो, शिपायाला मामा म्हणतो, आणि आपला कागद घेऊन निघून जातो. पण आत बसलेल्या चौघांचा पगार महिन्याच्या शेवटी चार वेगळ्या वाटांनी येतो. किती येतो, याचा त्यांच्या कामाशी फारसा संबंध नसतो. कोणत्या साली लागलात, कोणत्या दारानं आत आलात आणि तुमच्या नेमणुकीच्या कागदावर कोणत्या खात्याचा शिक्का आहे, यावर तो ठरतो.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं पगारबिलं माझ्याच हाताखालून गेली. म्हणून हा विषय मागून घेतला.

आधी प्राध्यापकांची गोष्ट उरकून टाकू, कारण चर्चा नेहमी तिथंच अडकते. त्यांची वेतनश्रेणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशीनं ठरते. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये झालं आणि वाढलेल्या बोजाचा काही वाटा ठरावीक काळापुरता केंद्रानं उचलला. शिक्षकेतरांचा पगार मात्र राज्याच्या वेतनश्रेणीत बसतो आणि त्याचा सगळा भार राज्याच्या तिजोरीवर असतो. त्यामुळं एकाच कॉलेजात एका गटाचा शासन निर्णय निघतो आणि दुसऱ्याची फाईल वित्त विभागात पडून राहते. प्राध्यापकांना जास्त मिळतं याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचं शिक्षण वेगळं, काम वेगळं. माझं म्हणणं आहे ते एकच काम करणाऱ्यांमधल्या फरकाबद्दल.

राज्याच्या सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन १५,००० रुपयांपासून सुरू होतं, कनिष्ठ लिपिकाचं १९,९०० पासून आणि वरिष्ठ लिपिकाचं २५,५०० पासून. महागाई भत्ता सोपा हिशोब म्हणून पन्नास टक्के धरला, तर नवा लिपिक २९,८५० वर जातो आणि शिपाई २२,५०० वर. घरभाडं वेगळं. हा झाला पहिला, मंजूर पदावरचा, अनुदानित, कायम माणूस. तालुक्याच्या गावात हा पगार बरा समजला जातो. मुलीकडची मंडळी चौकशीला येतात ती याच्याच घरी.

आता याच कॉलेजच्या आवारात कनिष्ठ महाविद्यालय असतं, म्हणजे अकरावी-बारावी. तिथला लिपिक हा दुसरा माणूस, शालेय शिक्षण विभागाचा. त्याला १९८१ ची खासगी शाळांची नियमावली, त्याचं पगारबिल शालार्थ प्रणालीतून. शेजारच्या खोलीतला वरिष्ठ महाविद्यालयाचा लिपिक उच्च शिक्षण विभागाचा. त्याला १९८४ ची प्रमाण संहिता, त्याचं बिल एचटीई सेवार्थ या वेगळ्या प्रणालीतून विभागीय सहसंचालकांकडं. मध्ये एक भिंत आणि एकच माठ. आमच्या परभणीत तर कृषी विद्यापीठही आहे, १९७२ सालचं. तिथला लिपिक कृषी खात्याचा. वेतनश्रेणी तिघांच्या बऱ्याच मिळत्याजुळत्या, पण लाभ कधी मिळायचा, थकबाकी कधी निघायची, कुणाची फाईल कुठं अडायची, हे तिघांचं तीन तऱ्हांचं. एकाला फरकाची रक्कम मिळते तेव्हा दुसरा सहसंचालक कार्यालयात खेटे घालत असतो.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग प्रत्यक्ष पगारात मिळाला २०१९ मध्ये. विद्यापीठांतल्या शिक्षकेतरांना त्यासाठी आणखी थांबावं लागलं. २०२० च्या कोरोनाकाळात अंतिम वर्षाच्या परीक्षा तोंडावर असताना लेखणीबंद आंदोलन झालं, ते आठवत असेल. छत्रपती संभाजीनगरचं आणि नांदेडचं, आपली दोन्ही विद्यापीठं त्यात होती. पुढं २०२३ च्या फेब्रुवारीत बेमुदत संप झाला, तेव्हाही एक मागणी होती की सातव्या आयोगापासून वंचित राहिलेल्या १४१० विद्यापीठ कर्मचाऱ्यांना तो लागू करा. इतरांना लागू होऊन चार वर्षं झालेली, आणि हे १४१० जण तेव्हाही बाहेरच.

पण खरी दुखरी नस म्हणजे बारा-चोवीस. आमच्या लोकांत एवढं म्हटलं तरी पुरतं. कागदावरचं नाव, सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना. कॉलेजात पदं मोजकी असतात. लिपिक चार असले तर वरिष्ठ लिपिक एखादा आणि अधीक्षक एकच. वरचा माणूस निवृत्त होईपर्यंत खालच्याला जागा नाही. म्हणून पद नाही मिळालं तरी बारा वर्षांनी आणि चोवीस वर्षांनी वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यायची, अशी ती सोय. प्रयोगशाळा परिचरासारख्यांना याचं मोल जास्त. आयुष्यभर ॲसिडच्या बाटल्या उचलायच्या, प्रात्यक्षिकाची मांडामांड करायची, आणि पदोन्नतीची शिडी दोनच पायऱ्यांची.

डिसेंबर २०१८ मध्ये शासनानं आमच्यासाठीचे हे जुने निर्णय रद्द केले. कारण काय, तर ते काढताना वित्त विभागाची संमती घेतलेली नव्हती. आता बघा, मंत्रालयातल्या एका विभागानं दुसऱ्या विभागाला विचारलं नाही, आणि भुर्दंड कुणाला? सेनगावच्या, कंधारच्या, परंड्याच्या कॉलेजातल्या शिपायाला. ज्यांना लाभ मिळाला होता त्यांच्या वेतननिश्चितीवर प्रश्नचिन्ह लागलं, वसुलीची टांगती तलवार आली, आणि ज्यांची बारा वर्षं नुकतीच भरत होती ते मधल्या मध्ये लटकले. सरकारी कचेरीतल्या लिपिकाला तेवढ्यात २०१९ मध्ये दहा-वीस-तीस वर्षांची सुधारित योजना मिळाली. म्हणजे तेव्हा तहसीलमधला लिपिक तीन पायऱ्या चढणार आणि कॉलेजमधल्या लिपिकाच्या होत्या त्या दोन पायऱ्याही काढून घेतलेल्या.

फरक केवढा असतो, तेही सांगतो. १९,९०० वर लागलेला लिपिक बारा वेतनवाढींनंतर २८,४०० वर येतो. त्याला वरिष्ठ लिपिकाच्या श्रेणीत बसवलं तर मूळ वेतन होतं २९,६०० च्या आसपास. म्हणजे महिन्याला बाराशे, वर महागाई भत्ता. ऐकायला किरकोळ. पण पुढची वीस वर्षं प्रत्येक वेतनवाढ या वाढीव आकड्यावर मिळते, निवृत्तिवेतन त्यावरच ठरतं, आणि वसुली निघाली तर हाच आकडा मागच्या सगळ्या महिन्यांनी गुणून एकरकमी समोर येतो. तोही बहुधा निवृत्तीच्या तोंडावर. कारण सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडं जातं तेच मुळी तेव्हा. तिथून आक्षेपाची ओळ लिहून येते, आणि पेन्शनच्या प्रकरणाचं भिजत घोंगडं होतं.

या वसुलीबद्दल श्रोत्यांपैकी ज्यांना गरज आहे त्यांनी एक गोष्ट लिहून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात सांगितलं की जास्तीचं वेतन कर्मचाऱ्याच्या चुकीनं गेलेलं नसेल, तर तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून वसुली करता येणार नाही. पाच वर्षांहून जास्त काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेलाही तेच लागू. मात्र एक पाचर आहे. वेतननिश्चितीच्या वेळी आपण एक हमीपत्र देतो, जास्त रक्कम आली तर परत करीन असं. सातव्या आयोगाच्या वेळी गठ्ठ्यानं सह्या घेतल्या गेल्या. कुणी वाचलं नाही, वाचायला वेळही दिला नाही. २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात असं हमीपत्र कर्मचाऱ्याच्या विरोधात गेलं. ते प्रकरण न्यायाधीश पदावरच्या माणसाचं होतं, शिपायाचं नव्हतं, हे आपल्या वकिलानं ठासून मांडायला हवं. आणि आपल्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत दरवर्षी मागून बघा. ऑफिसातली माणसं जगाची कागदपत्रं सांभाळतात आणि स्वतःचं सेवापुस्तक निवृत्तीच्या वर्षी पहिल्यांदा उघडतात.

पेन्शनची भानगड थोडक्यात. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन. त्यानंतरच्याला अंशदान योजना लागू झाली, म्हणजे पगारातून दहा टक्के कपात आणि पुढचं बाजारावर. दिवाळीआधी रुजू झालेला आणि दिवाळीनंतर रुजू झालेला, दोघांच्या म्हातारपणात एवढं अंतर. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यभर संप झाला तो यावरच.

आता तिसऱ्या आणि चौथ्या माणसाकडं येतो.

मराठवाड्यात कॉलेजं उशिरा आली. निजामाच्या राज्यात आपली पोरं शिकायला हैदराबादेत जायची. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद आणि नांदेडला पीपल्स उभं राहिलं, विद्यापीठ १९५८ मध्ये आलं. तालुक्या-तालुक्यांत संस्था निघाल्या आणि अनुदानही मिळालं. नंतर सरकारनं हात आखडता घेतला, नवी कॉलेजं विनाअनुदानित, मग कायम विनाअनुदानित. जुन्या अनुदानित कॉलेजातही बीसीएससारखे संगणकाचे नवे वर्ग सुरू झाले ते विनाअनुदान तत्त्वावर. त्या वर्गांच्या फीमधून ज्याचा पगार निघतो तो आपल्या ऑफिसातला तिसरा माणूस. संस्था देईल ते, आणि देईल तेव्हा. अनुदान येईल या आशेवर जमीन विकून चिकटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची उमेदीची वर्षं गेली, केस पांढरे झाले.

चौथा, एजन्सीचा. कायम पदांची भरती वर्षानुवर्षं बंद, आकृतिबंध, म्हणजे कुठं किती पदं याचा आराखडा, ठरलेला नाही म्हणून. काम तर थांबत नाही. मग संगणकावर बसायला एजन्सीचा मुलगा येतो. खरं सांगायचं तर ऑनलाइनचं सगळं काम तोच करतो. आमच्यासारख्यांना पासवर्ड आठवायचा नाही.

समजा, त्याचं ठरलेलं वेतन १२,००० आहे. भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के, म्हणजे १,४४० कापले. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी विम्याचे, ९०. व्यवसाय कर २००. हातात १०,२७०. आता कॉलेजच्या बाजूनं बघा. १२,००० वर मालकाच्या वाट्याचा निधी आणि त्याचा प्रशासकीय खर्च धरून १,५६०, ईएसआय ३९०, झाले १३,९५०. त्यावर अठरा टक्के जीएसटी, २,५११. एकूण १६,४६१. एजन्सीचं सेवाशुल्क यात धरलेलंच नाही. म्हणजे कॉलेज साडेसोळा हजार मोजतं आणि पोराच्या हातात सव्वादहा पडतात. स्वस्त पडतं म्हणून जी पद्धत आणली, तिच्यात माणूस स्वस्त झाला, काम तेवढं स्वस्त झालं नाही.

शाळांचं तर आणखी पुढं गेलंय. डिसेंबर २०२० च्या निर्णयानं अनुदानित शाळांतल्या शिपायांच्या रिकाम्या होणाऱ्या जागी माणूस न नेमता शिपाई भत्ता सुरू झाला, ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. पाच हजारांत मराठवाड्यातल्या कुठल्या गावात घर चालतं, ते मला दाखवा.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतन आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कायम कर्मचाऱ्यासारखंच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. लिपिकासाठी ते १९,९०० अधिक महागाई भत्ता. पण घोडं अडतं ते एजन्सीपाशी. कॉलेज म्हणतं, हा आमचा माणूस नाही. एजन्सी म्हणते, आम्ही फक्त पुरवठादार. हजेरी मात्र प्राचार्य घेतात, आणि रविवारी फोन करून बोलावतात तेही प्राचार्यच.

म्हणून अशा मुलांना माझं सांगणं आहे की आपल्या भविष्य निर्वाह निधी खात्याचा यूएएन क्रमांक घेऊन निधीचं पासबुक मोबाईलवर दर महिन्याला बघा. कपात झाली आणि भरणा झाला नाही, असं घडतं. हजेरीपत्रकाचा फोटो, कामाचे लेखी आदेश, ऑफिसच्या ग्रुपवर आलेले निरोप जपून ठेवा, उद्या काम कुणाचं केलं हे त्यावरूनच सिद्ध होईल. सलग पाच वर्षं झाली तर उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. शैक्षणिक संस्था त्या कायद्यात १९९७ पासूनच आहेत. एजन्सी बदलली की नवी नेमणूक दाखवून हा हिशोब शून्यावर आणतात, तेव्हा जुन्या एजन्सीचं नेमणूकपत्र फेकून देऊ नका.

आणि एक गाऱ्हाणं माझ्याच माणसांबद्दल. आमच्या संघटनेच्या निवेदनांत बारा-चोवीस असतं, थकबाकी असते, जुनी पेन्शन असते. सगळं रास्त आहे, मीही त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसलोय. पण आम्ही मंडपात बसलो तेव्हा ऑफिसातला संगणक चालू होता, कारण एजन्सीचा मुलगा कामावर होता. त्याला संपाचा हक्क आम्ही कधी दिला नाही, सभासदत्वाची पावतीही फाडली नाही. कायम माणसं दरवर्षी निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी तोच येतोय. अजून काही वर्षांनी निवेदनावर सही करायला आमच्यापैकी उरणार कोण? संघटनेच्या घटनेत सभासदत्वासाठी कायम कर्मचारी असण्याची अट आहे. येत्या वार्षिक सभेत ती काढण्याचा ठराव मी पाठवलाय. अनुमोदक अजून मिळालेला नाही. ऐकणाऱ्यांत कुणी सभासद असेल, तर त्यानं सभेला यावं.

नमस्कार.