चाळीतला कांदा जिवंत असतो

मंडळी, हा कांदा उभा चिरला आहे. तळाशी जी चपटी तबकडी दिसते, ते या झाडाचं खोड. तिच्यावर एकात एक बसलेले पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे, आणि मधोमध हा फिकट हिरवा कोंब. पानांनी उन्हात तयार केलेली साखर या बुडख्यांत साठते. बटाट्यासारखा स्टार्च कांदा साठवत नाही. ही शिदोरी झाडाने आपल्यासाठी बांधलेली नाही. पुढच्या हंगामात फुलाचा दांडा वर काढण्यासाठी ती त्याची पुंजी आहे. म्हणून चाळीतल्या, म्हणजे कांदा ठेवायच्या हवेशीर शेडमधल्या, साठवणुकीचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: या कोंबाची झोप मोडू द्यायची नाही.

ज्वारी वाळवून तिच्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणला की ती कणगीत महिनोन्‌महिने टिकते. कांद्यात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते काढून टाकता येत नाही. वाळवायची ती फक्त वरची पत्ती, म्हणजे बाहेरचं साल, आणि मान, म्हणजे पात निघते तो निमुळता भाग.

टिकवणीची सुरुवात शेतातच होते. साठवायचा तो रब्बीचा उन्हाळ कांदा. खरिपाचा लाल कांदा काढला की विकावा. लावणीनंतर ६० दिवसांच्या पुढे नत्र देऊ नका. उशिरा युरिया पडला की मान जाड राहते, ती मिटत नाही आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते. काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढणी करा. काढलेला कांदा तीन-चार दिवस पातीसकट शेतात ठेवायचा, पण एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यांवर येईल असा. उघड्या कांद्याला ऊन चटका देतं आणि तो भाग पुढे सडतो. मग मानेला पीळ देऊन एक-दीड इंच मान ठेवून पात कापा. अगदी बुडाशी कापणं हीच सर्रास होणारी चूक. त्यानंतर दोन-तीन आठवडे सावलीत पातळ थर. जोड कांदे, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले आणि कुदळ लागलेले कांदे इथेच वेगळे काढा. डेंगळ्याच्या पोटात दांडा असतो, तो कुजायला वेळ लागत नाही.

आता चाळ. २५ टनांच्या दोन पाखी, म्हणजे कप्प्यांच्या दोन रांगा असलेल्या, चाळीत प्रत्येक कप्पा ४० फूट लांब, ४ फूट रुंद आणि थर ५ फुटांपर्यंत. ४ फुटांचा आग्रह का? कांदा श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि वाफ निघते. रुंदी वाढवली की मधला माल घामेजतो आणि काजळी, म्हणजे काळी बुरशी, तिथूनच पसरते. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि फटींचा हवा, म्हणजे खालून हवा शिरून वरून निघेल. पत्र्यापेक्षा कौलं किंवा सिमेंटची पानं बरी, कारण पत्र्याखालचा वरचा थर भाजून निघतो. भरताना टोपली उंचावरून ओतू नका. आपटलेल्या कांद्याचा श्वास वाढतो, वजन घटतं.

तापमान २५ ते ३० अंश आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के असली तर कोंब निजलेला राहतो. उन्हाळ्यात चाळ गरम असते म्हणून घाबरू नका, ती ऊब उपयोगाची आहे. कोंब लवकर फुटतो तो १० ते २० अंशांत. शीतगृहात शून्याजवळही तो थांबतो, पण तिथला माल बाहेर काढला की भराभर मोड येतात. हवा फार कोरडी असली तर पत्ती सुटून घट वाढते. खरं संकट पावसाळ्यात: दमट हवेत तबकडीला मुळं फुटतात, काजळी धरते. झड आत येत असेल तेवढ्यापुरते बाजूचे पडदे सोडा आणि पाऊस थांबला की लगेच वर गुंडाळा. प्लास्टिक बांधून ठेवलं की माल आतल्या आत उबतो.

चाळीखाली रोज वाकून पाहा. तळातून पाणी ठिबकलं किंवा आंबूस वास आला, तर त्या जागेचा कप्पा एका टोकापासून पूर्ण उपसा, सडका माल शिवारापासून दूर पुरा आणि उरलेला त्याच आठवड्यात बाजारात न्या. तो परत चाळीत भरू नका.