सैराटचा सेकंड हाफ रटाळ? बसा जरा!

नमस्कार मंडळी. सिनेमावरचा कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली एक कमेंट ठरलेलीच: "सैराट इंटरव्हलपर्यंत भारी, पुढे रटाळ." आज याचा निकाल लावूच.

स्टोरी तुम्हाला पाठ आहे. एप्रिल 2016, नागराज मंजुळे, करमाळ्याकडचा मुलूख, पाटलांची आर्ची, पारधी समाजातला परश्या. पळतात, हैदराबाद गाठतात. झालं.

आता ऐका. अजय-अतुलची चारही गाणी इंटरव्हलच्या आधी संपतात. झिंगाटला थेटरात पडद्यासमोर नाचलेली जनता नंतर गाणं नाही म्हणून चुळबुळ करते. अहो, तीच चुळबुळ हवीय नागराजला! गावात बुलेट आणि ट्रॅक्टर पळवणारी पोरगी इथे झोपडपट्टीतल्या खोलीत नाक दाबून बसलीय, भाषेचा गंध नाही. याला गाणं कुठून लावणार?

बरं, परश्याचं बघा. लाडका हिरो ना? तो तिच्यावर संशय घेतो, हात उचलतो. गावातला पुरुष त्याच्याबरोबर गाडीत बसून आलाय. हे पळापळीत दिसलं नसतं, रोजच्या कंटाळ्यातच दिसतं.

आणि शेवट! डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, लेकरू. एवढं सगळं निवांत बघून आपणही गाफील होतो. म्हणून आर्चीचा भाऊ प्रिन्स साडी-दागिने घेऊन दारात उभा राहतो तेव्हा आपणही तिच्यासारखंच त्याला घरात घेतो. पुढे दोघांचा खून, आणि आवाजच बंद. मधला भाग कापा, शेवट नुसता धक्का उरेल.

एकाने लिहिलंय, "हे खेड्यातलं झालं, पुण्यात असलं काही नसतं." हो का? धनकवडीत खोली बघायला गेलो तेव्हा मालक काकांनी डिपॉझिटच्या आधी आडनाव विचारलं. त्यावरून अंदाज लागेना, मग गाव. मग, "नॉनव्हेज खाता का?" चहा मात्र छान पाजला हं.

"आर्ची-परश्या पुण्याला का नाही आले?" हाही प्रश्न असतो. पुण्यात अर्धं सोलापूर राहतं, राजे! कात्रजच्या चौकात कुणाचा तरी मावसभाऊ भेटलाच असता.

आणि धडकवाल्यांनो, 2018 च्या त्या हिंदी रिमेकमध्ये पोरगी जिवंत राहते. कुठला शेवट जास्त छळतो, ते दोन्ही पूर्ण बघून लिहा. फॉरवर्ड करून बघणाऱ्यांच्या कमेंटला उत्तर मिळणार नाही.