गॅस संपत नसतो, निसटतो

मे महिन्याची दुपार. नवतपा अजून लागायचा आहे, तरी पारा ४५ वर. नागपुरात कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडखाली एक पांढरी मारुती ८०० बॉनेट उघडून उभी आहे. मॉडेल २००३चं. गाडीवाले काका कूलरसमोर बसलेत, डोक्याचा दुपट्टा अजून सोडलेला नाही.

"एसीत गॅस टाकून द्या भाऊ, संपला असंन." सलग तिसऱ्या उन्हाळ्यात हेच वाक्य.

मिस्त्री गॅसच्या टाकीला हातच लावत नाहीत. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल असा बंद फेरा. तोच गॅस दाबला जातो, त्याचा द्रव होतो, द्रवाची पुन्हा वाफ होते आणि केबिनची उष्णता बाहेर नेऊन टाकतो. घरच्या फ्रिजमध्ये कोण दरवर्षी गॅस भरतं? कमी झाला, म्हणजे कुठून तरी निसटला. पण भरून मोकळं होणं मिस्त्री-गिऱ्हाईक दोघांनाही सोयीचं पडतं, म्हणून गळती राहते ती राहतेच.

कंडेन्सरजवळ, ॲल्युमिनियमच्या पाइपाच्या जोडावर बोटभर काळा, चिकट डाग आहे. गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइलही फिरत असतं. गॅस उडून जातो, ऑइल जोडावर राहतं आणि धूळ धरतं. मिस्त्री पाइपात नायट्रोजन भरतात, डागावर साबणाचा फेस लावतात आणि वाकून पाहत राहतात. बराच वेळ काही नाही. मग एक बुडबुडा, मोहरीएवढा. हळूहळू तुरीच्या दाण्याएवढा.

जोड उघडला, तर आतली रबराची ओ-रिंग चपटी, कडक. चिमटीत धरली नि तुटली.

नवी रिंग ऑइल लावून बसली. फेरा उघडलाच आहे, तर ओल शोषणारा ड्रायरही बदलला. मग व्हॅक्यूम : पंपाने आतली हवा नि ओल ओढून काढायची. हा अर्धा तास गिऱ्हाइकाला वेळकाढूपणा वाटतो. पण आत ओल राहिली तर गॅस जिथून बारीक वाटेने सुटतो त्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी बर्फ धरतो, शिवाय आम्ल तयार होऊन धातू खातं. पंप बंद. गेजचा काटा जागचा हलला नाही, तेव्हाच आर-१३४ए गॅस, तोही वजनकाट्यावर तोलून. जास्त भरला की या उन्हात दाब भलताच चढतो.

जुन्या पद्मिनी-काँटेसात आर-१२ गॅस असायचा. ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल कराराने तो हद्दपार झाला. त्या गाड्यांत नुसता नवा गॅस कोंबून चालत नाही, ऑइलही बदलावं लागतं.

राहिला कंडेन्सर. त्याच्या जाळीत सावरीचा कापूस अडकलाय. पाण्याची बारीक धार, आतून बाहेर.

केबिनमधल्या एसीच्या झरोक्यासमोर थर्मामीटर धरलं : ११ अंश. काका आत बसलेत, उतरायचं नाव नाही.

"थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवत जा काका. कॉम्प्रेसरचं सील सुकत नाही मंग."

"डिसेंबरात एसी? लोक येडा म्हनतीन ना मले!"

"काचा वर करून लावा."