पेन्सिल आत चालत नाही

आज बोलायचंय नाशिकच्या औषध कंपन्यांत शिकाऊ म्हणून, म्हणजे अप्रेंटिस म्हणून जाणाऱ्या केमिस्ट्रीच्या पोरा-पोरींबद्दल. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, या व्हिडिओत आतलं काही दिसणार नाहीये. फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये जायचं तर मोबाईलसुद्धा बाहेर ठेवावा लागतो, तिथं कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात. त्यामुळे गेटपर्यंतचं जे दिसतंय ते खरं सातपूर-अंबड आणि पुढं जे ब्युरेट-फ्लास्क दिसतील ते एका कॉलेजच्या लॅबमधले, चालवून घ्या.

तर हा त्र्यंबक रोड. आयटीआय सिग्नल, पुढं सातपूर एमआयडीसी. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं, मिसळ, कुंभमेळा आठवतो, कारखाने म्हटलं की फार तर महिंद्रा नाहीतर ओझरचं एचएएल. औषधं कोणाला आठवतच नाहीत. पण ग्लॅक्सोचा प्लांट अंबडला आहे, ग्लेनमार्कचा सातपूरला आहे, शिवाय लहान-मोठ्या बऱ्याच कंपन्या. सकाळी फर्स्ट शिफ्टला टिफिनची पिशवी घेऊन जी पोरं-पोरी बसमधून उतरतात ना, त्यातली काही केमिस्ट्रीची अप्रेंटिस असतात. कोणी आयटीआयमधून लॅब असिस्टंट केमिकल प्लांट हा ट्रेड केलेला, कोणी केटीएचएम नाहीतर आरवायके कॉलेजची बी.एस्सी. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची बरीच, चार जण मिळून एक रूम.

डोक्यात काय असतं तर आपण आता औषध बनवणार. आणि मिळतं काय, तर एसओपींची, म्हणजे कोणतं काम कसं करायचं त्याच्या लेखी पद्धतींची, जाडजूड फाईल. बसा आणि वाचा, वाचलं म्हणून सही करा. मग ग्लासवेअर, मग लेबलं लावणं, मग मॅडम काम करतायत आणि आपण मागं उभं राहून बघतोय. कंटाळा येतो, येणारच, आणि काही ठिकाणी खरंच वर्षभर एवढंच करून घेतात, ते चूकच आहे. पण चांगला सीनियर मिळाला तर हळूहळू हातात काम येतं.

म्हणजे कसं काम? वीस गोळ्या मोजून वजन करायचं आणि सरासरीपासून कोणती गोळी किती लांब गेली ते बघायचं. गोळी ठिसूळ आहे का बघायला एक ड्रम असतो, चार मिनिटात 100 फेरे, आणि एक टक्क्याच्या वर भुगा झाला तर गडबड. मग येतं डिसोल्यूशन, म्हणजे गोळीतलं औषध किती वेळात किती विरघळतं ते बघणं, हे पोरांना आवडतं. सहा काचेची भांडी, बऱ्याचदा प्रत्येकात 900 मिली पाणी किंवा बफर (आम्लता कायम ठेवणारं द्रावण), तापमान 37 डिग्री, अर्धा डिग्री इकडे-तिकडे चालतं त्याच्यावर नाही, आणि आत फिरणारं पॅडल. थोडक्यात काचेचं पोटच म्हणा. गोळ्या टाकताना सहाही एकदम टाकायच्या नाहीत, थोड्या थोड्या सेकंदांच्या गॅपने टाकायच्या, कारण नंतर सॅम्पल पण त्याच गॅपने काढायचंय आणि हाताने काढत असाल तर हात दोनच आहेत.

पण खरी मजा, किंवा खरा त्रास म्हणा, वहीत आहे.

आपल्याकडं कॉलेजात प्रॅक्टिकल कसं होतं ते केमिस्ट्रीवाल्यांना सांगायला नको. टायट्रेशनची, म्हणजे ब्युरेट नावाच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचं त्याची, तीन रीडिंग, 9.8, 9.8, 9.8, आणि खाली सीबीआर, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तिसरं घेतलंय कोणी? दुसरं तरी घेतलंय का नीट? आधी कच्च्या कागदावर, मग उत्तर जमवून जर्नलमध्ये फेअर. तीन वर्षं हेच केलेला मुलगा लॅबमध्ये येतो आणि त्याला सांगतात की कच्चा कागद आत आणायचाच नाही. पेन्सिल नाही, व्हाइटनर नाही. वजन केलं की त्याच मिनिटाला पेनने त्याच फॉरमॅटवर लिही, चुकलं तर एकच आडवी रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला कारण, सही, तारीख. आणि रीडिंग हुबेहूब सारखी आली तर इथं कोणी शाबासकी देत नाही, उलट ऑडिटर तेच पान उघडून बसतो. एचपीएलसीचं, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं, सॉफ्टवेअर तर अजून खमकं, कोणी कधी लॉगिन केलं, कोणतं सॅम्पल यंत्रात सोडलं, मध्येच रन का थांबवला, सगळं ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदीत. रिझल्ट लिमिटच्या बाहेर गेला म्हणून गुपचूप परत चालवून बघू, असं नाही चालत. आधी सांगायचं, मग चौकशी, मग पुढचं. "लिहिलं नाहीस म्हणजे केलं नाहीस", हे वाक्य या पोरांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते सरांची नक्कल करून एकमेकांना ऐकवतात.

एवढी कटकट कशासाठी, असं वाटत असेल तर 1986 आठवा. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल. पेशंटना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये, म्हणजे ग्लिसरीनमध्ये, डायइथिलीन ग्लायकॉल होतं, ते किडनी निकामी करतं, 14 जण गेले. चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. आणि हे तेव्हाचं झालं म्हणावं तर 2022 मध्ये गांबियात लहान मुलं दगावली, भारतात बनलेली कफ सिरप होती आणि डब्ल्यूएचओने त्यात तेच डायइथिलीन ग्लायकॉल सापडल्याचं सांगितलं. दिसायला ग्लिसरीनसारखंच, रंग नाही, चवीला गोडसर, डोळ्यांनी काही कळायचा मार्ग नाही. पिंप गेटमधून आत आलं की त्याचं सॅम्पल काढून टेस्ट करणं, एवढाच काय तो अडथळा मध्ये असतो. आणि सॅम्पलची बाटली धरून कोण उभं असतं, तर वर्षभरासाठी आलेली बावीस वर्षांची पोरगी. फायनल सही तिची नसते, अॅनालिस्टची असते, पण बाटलीवरचं लेबल तिने लावलेलं असतं. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी कसं काम करायचं त्याचे नियम, बदलून कडक केलं, त्यामुळे आता छोट्या कंपन्यांत पण ही वहीची शिस्त मागतायत.

आता पैशाचं. अप्रेंटिस कायदा 1961 चा, त्यात अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ, कामगार नाही. पगार नाही, स्टायपेंड. 2019 च्या नियमात ग्रॅज्युएटला महिन्याला किमान 9,000 ठरवले होते. रूमभाडं, मेस आणि पेट्रोल गेलं की घरी पाठवायला काय उरणार, तुम्हीच हिशोब करा. वर्ष संपल्यावर घ्यायलाच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. काहींना तिथंच ट्रेनी म्हणून ठेवतात, बाकीचे बायोडेटा घेऊन वॉक-इनच्या लाईनीत. तिथं बऱ्याच जाहिरातीत एफडीए अप्रूव्हड केमिस्ट, म्हणजे सरकारच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेला, पाहिजे असं छापलेलं असतं, ते अजून लांब आहे. मुलाखतीत मात्र हमखास विचारतात, एचपीएलसी स्वतः चालवलंय का नुसतं बघितलंय? नुसतं बघितलेला दुसऱ्याच प्रश्नात सापडतो, मोबाईल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) कसा फिल्टर केलास, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) शेवटी कशाने धुतलास.

आणि एक, जे जॉईन होणार आहेत त्यांच्यासाठी. तुमचा करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर रजिस्टर झाला का ते पहिल्या महिन्यातच एचआरला विचारा, लाजू नका. काही पोरं वर्षभर राबतात आणि शेवटी कळतं की कागदावर ती अप्रेंटिस नव्हतीच, मग सर्टिफिकेट कोण देणार.