वीस मिनिटं, काचेची नळी

(दृश्य : स्टीलच्या स्टँडमध्ये उभी एक टेस्ट ट्यूब. मागे भिंतीवरचं घड्याळ, 4 वाजून 52 मिनिटं.)

या नळीत दोन मिलिलिटर रक्त आहे. आता वीस मिनिटं तिला कोणी हात लावणार नाही. हलवायची नाही, तिरकी करून बघायची नाही. टेबलाला नुसता धक्का लागला तरी सिस्टर रागावतात. आमच्या कॅमेरामनची एकदा चांगली खरडपट्टी निघाली आहे.

(दृश्य : कापलेलं भाताचं शेत. भारे. विळे.)

रायगड जिल्ह्यातल्या घाटपायथ्याचा हा ऑक्टोबर. कापलेलं भात उन्हात वाळलं की भारे बांधायचे. दाण्याला उंदीर येतो, उंदरामागे साप येतो आणि भाऱ्याखाली सगळ्यात शेवटी जातो तो माणसाचा हात.

या ताईंचा डावा हात असाच भाऱ्याखाली गेला, आणि साप चावला. शेजारी उभे आहेत ते त्यांचे यजमान. आरोग्य केंद्रातले डॉक्टर साप कसा होता ते विचारतात.

“बारका व्हता. असा गोल गोल फिरत व्हता. आणि करकर करकर वाजत व्हता.”

एवढं ऐकून डॉक्टर केसपेपरवर लिहितात, ‘फुरसे’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं, त्याचे खवले करवतीसारखे वाजतात. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. नाग आणि मण्यार हे बाकीचे दोघे. आपल्याकडचे सर्पदंशाचे बहुतेक मृत्यू या चौघांच्या खात्यावर जातात. पण ते प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. साप कोणता, यावर इथे उपचार ठरत नाही. साप मारून पिशवीत घालून आणलात तरी डॉक्टर आधी पेशंटकडेच बघणार. मारायला जाऊन दुसऱ्याला चावला, हेही घडतं.

(दृश्य : ताईंचा हात. दंडाला करकचून बांधलेली ओढणी. मनगटात हिरव्या बांगड्या.)

ओढणी सोडायची घाई नाही. घट्ट आवळलेल्या हाताचं रक्त अडतं, हात वाचवता वाचवता हातच जायची वेळ येते, हे खरं. पण गाठ एकदम सुटली तर अडलेलं विष एकदम अंगात धावतं. म्हणून आधी शिरेत सुई, सलाईन, हाताशी औषधं, आणि मगच गाठ. ती सुटेपर्यंत सिस्टर बांगड्या उतरवतात. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत, मांसात रुततात. दोन निघाल्या. बाकीच्या फोडाव्या लागल्या.

(काही सेकंद निवेदन नाही.)

मग पेन. बॉलपेनने सुजेच्या कडेला एक रेघ, रेघेशेजारी वेळ. अर्ध्या तासाने दुसरी रेघ. विष कुठवर चढलं याचा नकाशा पेशंटच्या कातडीवरच काढायचा. याहून स्वस्त यंत्र वैद्यकशास्त्रात नसावं. डॉक्टर हिरड्या बघतात, सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपतंय का ते बघतात, लघवीचा रंग विचारतात. आणि एक डोळा घड्याळावर.

आता या नळीबद्दल. आम्ही हा माहितीपट खरं तर तिच्यासाठीच करायला घेतला.

फुरशाचं विष रक्त पातळ करतं, असं आपण म्हणतो. आत घडतं ते उलटं. हे विष रक्त गोठवायला सुरुवात करून देतं, अंगभर, बारीक बारीक. गोठण्यासाठी लागणारं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन त्यात खर्ची पडतं, आणि खऱ्या जखमेची वेळ येते तेव्हा शिलकीत काहीच उरलेलं नसतं. घोणशीचं विष वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाला पोचवतं. घोणशीच्या विषाचा हा गुण इतका जबरदस्त की 1934 साली लंडनच्या डॉक्टरांनी ते भरपूर पातळ करून हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पेशंटच्या वाहत्या जखमांवर लावून पाहिलं, रक्त थांबवण्यासाठी. आणि थांबलंही.

शिल्लक संपली की नाही हे विचारायचं कसं? मोठ्या लॅबमध्ये त्याच्या तपासण्या आहेत. इथे नळी आहे. निरोगी माणसाचं रक्त काचेत वीस मिनिटं ठेवलं की त्याची गुठळी होते, नळी वाकडी केली तरी ती जागची हलत नाही. शिल्लक संपलेलं रक्त पाण्यासारखं वाहतं. बस्स, एवढीच तपासणी. वीज नको, रसायन नको, तंत्रज्ञ नको.

पण नळी काचेचीच हवी. काचेचा स्पर्श होताच रक्तातली गोठण्याची साखळी जागी होते. प्लॅस्टिकच्या नळीत ती नीट जागी होत नाही, म्हणजे धडधाकट माणसाचं रक्तही पातळ दिसेल आणि त्याला विनाकारण औषध जाईल. काच कोरडी हवी, स्वच्छ हवी आणि नवी हवी. साबणाने धुऊन पुन्हा वापरलेली नळीही असाच खोटा निकाल देऊ शकते. गंमत अशी की हल्ली रक्त घ्यायला सगळीकडे प्लॅस्टिकच्याच नळ्या येतात.

(दृश्य : घड्याळ, 5 वाजून 12 मिनिटं. सिस्टरचा हात. नळी एकदाच तिरकी होते.)

वाहिलं.

(दृश्य : औषधाचं कपाट. व्हायलींची रांग. एक, दोन, तीन…)

दहा व्हायल. प्रतिसर्पविष; इथे सगळे ‘एएसव्ही’ म्हणतात. आत पांढरी भुकटी. ती अशी सुकवलेली असते म्हणून फ्रिज नसलेल्या केंद्रातही टिकते. प्रत्येक व्हायलीत दहा मिलिलिटर पाणी घालायचं आणि मग हे बघा, सिस्टर तळहातांमध्ये बाटली वळताहेत, वात वळावी तशी. खळखळून हलवलं तर फेस होतो. दहा बाटल्या अशा वळायला वेळ लागतो. हे दृश्य आम्ही जराही कापलेलं नाही.

ही भुकटी येते घोड्याच्या रक्तातून. चारही सापांचं विष घोड्याला अगदी थोडं थोडं, वाढवत वाढवत टोचतात. घोडा त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतो, ती वेगळी काढतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेतने नागाच्या विषावर 1890च्या दशकात जे केलं, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. आपल्याकडच्या एएसव्हीचा एक मिलिलिटर नागाचं किंवा घोणशीचं 0.6 मिलिग्रॅम विष निकामी करतो. मण्यार आणि फुरशाचं 0.45. त्यासाठी लागणारं विष फार मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतले इरुला आदिवासी जिवंत सापांकडून काढतात आणि सापांना पुन्हा सोडून देतात. त्यांची सहकारी संस्था 1978 पासूनची आहे.

मूल असलं तरी सुरुवात दहा व्हायलींनीच. समोर लहान मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही.

(दृश्य : ट्रेमध्ये भरून ठेवलेली एक छोटी सिरिंज.)

ही सिरिंज अॅड्रेनलिनची, अर्धा मिलिग्रॅम. एएसव्ही सुरू होण्याआधीच भरून ठेवलेली. घोड्याचं प्रथिन काही जणांच्या अंगाला सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, घसा आवळतो, बीपी कोसळतं. तेव्हा एएसव्ही थांबवायचं, अॅड्रेनलिन मांडीच्या स्नायूत द्यायचं, पेशंट सावरला की पुन्हा सुरू करायचं. याच भीतीपोटी कितीतरी ठिकाणी पेशंटला बाटलीला हात न लावता पुढे पाठवतात. वाटेत दोन तास जातात. इथल्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ आहे : “रिॲक्शनवर माझ्याकडे इलाज आहे. गेलेल्या दोन तासांवर नाही.”

याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं, 1980च्या दशकात, पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथल्या टेबलाच्या काचेखाली त्या बातमीचं कात्रण आहे.

(दृश्य : पावसाळ्यातलं चित्रण. खाटेवर मुलगा.)

सगळे दंश नळीत दिसत नाहीत. हे ऑगस्टमधलं चित्रण. मुलगा रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोट दुखतं म्हणून उठला. अंगावर सूज नाही, दाताची खूण सापडत नाही. नळीतलं रक्त छान गोठलं. सिस्टर म्हणाल्या, “बाळा, वर बघ.” त्याने वर बघायचा प्रयत्न केला, पापण्या उचलल्या गेल्या नाहीत. एका श्वासात आकडे मोजायला सांगितलं, तो सातावर थांबला. मण्यार.

मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर बसतं. एकदा तिथलं नुकसान झालं की एएसव्हीने ते भरून निघत नाही. टोकं पुन्हा दुरुस्त होईपर्यंत श्वास कोणीतरी द्यावा लागतो. ही अँब्युबॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. 108च्या गाडीत डॉक्टर आणि ड्रायव्हरचा सहकारी आळीपाळीने ती दाबत गेले. अशा पेशंटचे डोळे हलत नाहीत, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत, मेला असं वाटतं. पण तो सगळं ऐकत असतो. म्हणून गाडीत कोणी रडायचं नाही, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. ती रडली नाही.

मुलगा आता शाळेत जातो.

देशात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा अंदाज आहे. वाचलेल्यांतही कुणाची किडनी जाते, कुणाची बोटं. 2024 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून.

(दृश्य : रात्र. ट्यूबलाइट. स्टँडमध्ये नवी नळी.)

शिल्लक संपलेलं रक्त पुन्हा भरायला यकृताला साधारण सहा तास लागतात, म्हणून नळी पुन्हा सहा तासांनी. रात्री सव्वाअकराला ताईंचं रक्त पुन्हा वाहिलं. आणखी दहा व्हायल. पुन्हा तळहात, पुन्हा वळणं. यजमान व्हरांड्यात बसून आहेत. दंडावरच्या पेनाच्या रेघा आता चार झाल्या, पण शेवटच्या दोन एकमेकींच्या अगदी जवळ आहेत.

(दृश्य : पहाट. 5 वाजून 50 मिनिटं. नळी तिरकी होते.)

गुठळी. जागची हलली नाही.

(दृश्य : नळ्यांचं खोकं. सिस्टर वहीत लिहीत आहेत.)

खोक्यात आता चार नळ्या उरल्या आहेत. सिस्टर मागणीच्या वहीत लिहितात : टेस्ट ट्यूब, 50 नग. मग थोडं थांबून त्यापुढे, कंसात : काचेच्या. आणि ‘काचेच्या’खाली दोनदा रेघ.