रायनीच्या गडग्यातला दगड

श्रोतेहो, नमस्कार. ओल्या फडक्याबाहेर राहिलेली कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते, हे आपण रोज पाहतो. पाण्यातून जमिनीवर आलेल्या पहिल्या वनस्पतींपुढे हेच संकट होते. पाण्यात सर्वांगाला मिळणारे पाणी आता केवळ पायाशी उरले होते, आणि असलेला ओलावा ऊनवारा पळवीत होता.

यातून त्या कशा तरल्या, याचा उत्तम पुरावा एका डॉक्टरांना सापडला. विल्यम मॅकी स्कॉटलंडमधील एल्गिन येथे वैद्यकी करीत आणि फावल्या वेळात खडक तपासत हिंडत. (असा एखादा नाद असलेला डॉक्टर मला अधिक विश्वासाचा वाटतो, हे जाता जाता सांगतो.) १९१२ साली रायनी या खेड्याजवळ, शेताच्या दगडी गडग्यात त्यांना गारगोटीसारखे कठीण तुकडे दिसले. गावकऱ्यांच्या लेखी ते बांधाचे दगड होते. मॅकींनी मात्र प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खोडांच्या पेशी शाबूत दिसल्या. उष्ण झऱ्यांचे सिलिकायुक्त, म्हणजे गारगोटीचे द्रव्य विरघळलेले, पाणी झाडांत मुरले आणि कुजण्यापूर्वीच त्यांचा दगड झाला. पुढे किडस्टन आणि लँग या अभ्यासकांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांचे तपशीलवार वर्णन केले.

त्यांतील ऱ्हायनिया ही वनस्पती जेमतेम वीतभर उंचीची होती. तिला ना पाने, ना खरी मुळे, नुसत्या फाटे फुटलेल्या काड्या. त्या काड्यांवर मेणचट आवरण होते. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो, तो अशाच आवरणामुळे. पण मेणाने अंग बंद केले की हवाही अडते, म्हणून त्यावर उघडझाप करणारी छिद्रे आली. त्यांना आपण पर्णरंध्रे म्हणतो. इथे पर्णच नाही, त्यामुळे शब्द थोडा अडखळतो. पुन्हा सांगतो: पाणी राखण्यासाठी मेण, हवेसाठी मेणाला छिद्रे, आणि पाणी वर चढविण्यासाठी काडीच्या मधोमध नळ्यांसारख्या पेशींचा बारीक दोर.

मुळांवाचून मातीतील क्षार कसे मिळाले? त्याच दगडातील दुसऱ्या एका वनस्पतीच्या पेशींत बुरशीचे धागे झाडासारखे फांद्या फुटून पसरलेले आढळले. आज कृषी सेवा केंद्रात मायकोरायझा या नावाने पुडीत मिळते, ती मुळांना मातीतील क्षार पुरविणारी बुरशी याच तऱ्हेची आहे.