तेलाच्या फलाटावरचा सौर दिवा

नमस्कार, श्रोतेहो.

1970 च्या दशकातली गोष्ट. मेक्सिकोच्या आखातात तेल काढणारे फलाट समुद्रात उभे होते. रात्री जहाजं आदळू नयेत म्हणून त्यांच्यावर इशाऱ्याचे दिवे लागत. दिवे जड बॅटऱ्यांवर चालायचे आणि बॅटरी संपली की बोट काढून माणसं पाठवावी लागायची. मग या फलाटांवर सौरपट्ट्या बसल्या. जमिनीवर सौरऊर्जेला बाजार असा नव्हताच. तिच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक ठरला तो तेलउद्योग!

त्याहून गंमत म्हणजे पट्ट्या विकणारी कंपनीही तेलवाल्यांचीच होती. 1973 साली एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या पैशावर ‘सोलर पॉवर कॉर्पोरेशन’ सुरू झाली. ती उभी केली एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने. तोवर सौर घट बनत ते मुख्यतः उपग्रहांसाठी, आणि भाव वॉटमागे शंभर डॉलरच्या घरात. बर्मन म्हणाला, जमिनीवरच्या वस्तूला अंतराळातला नखरा कशाला? इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या त्याने घेतल्या, बांधणी सोपी केली आणि भाव वॉटमागे वीस डॉलरवर आणला.

आता एक्सॉनच्याच दुसऱ्या दालनात जाऊ. 1977 मध्ये जेम्स ब्लॅक या तिथल्याच शास्त्रज्ञाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना सांगितलं, की माणूस हवामान बदलतोय आणि त्याचा सर्वांत संभवनीय मार्ग म्हणजे कोळसा-तेल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड. ते ऐकून कंपनीने कानांवर हात ठेवले नाहीत, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. 1979 मध्ये तिने आपल्या ‘एसो अटलांटिक’ या तेलवाहू जहाजावर हवेतला आणि समुद्रातला कार्बन मोजायची यंत्रं बसवली. 1982 मध्ये तिच्या शास्त्रज्ञांनी पुढच्या शतकाचा आलेख काढला. 2020 च्या सुमाराला कार्बन डायऑक्साइड किती वाढलेला असेल, हा त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या अगदी जवळ आला. 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी या कंपनीची जुनी भाकितं तपासली. मोजायच्या पद्धतीनुसार त्यांतली 63 ते 83 टक्के अचूक निघाली.

म्हणजे दुखणं ठाऊक होतं आणि औषधाचा कारखानाही घरचाच होता. तरी 1984 मध्ये कंपनीने सौर धंद्यातून अंग काढून घेतलं.

इथे थोडं न्यायाने बोलू. तेव्हाची सौर वीज महागच होती, धंदा तोट्याचा होता. तोट्याचं दुकान बंद केलं म्हणून मी कुणाला गुन्हेगार म्हणणार नाही. पण शास्त्रज्ञांनी सांगितलेलं लोकांना सांगायला कुठे पैसे लागत होते? उलट पैसे खर्च झाले ते दुसऱ्याच कामावर.

1989 मध्ये तेल, कोळसा, मोटारी अशा उद्योगांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ काढली. नाव ऐकून वाटावं, हवामान वाचवायला निघालेत. काम मात्र उत्सर्जनावर बंधनं येऊ न देण्याचं. विज्ञान अजून पक्कं नाही, हे तिचं पालुपद. आता हिच्याच तांत्रिक सल्लागारांनी 1995 मध्ये आतल्या आत काय लिहून दिलं होतं, ते ऐका: हरितगृह परिणामाचा वैज्ञानिक पाया भक्कम आहे, तो नाकारता येणार नाही. हा कागद जगापुढे आला तो 2009 मध्ये, एका कोर्टकज्जामुळे. याला वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात.

1998 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेत शिजलेल्या योजनेच्या मसुद्यात तर विजयाची व्याख्याच दिली होती. सामान्य माणसाच्या मनात हवामानशास्त्रातली अनिश्चितता रुजली, की आपण जिंकलो. शास्त्रज्ञांना हरवायची गरजच नव्हती. शंका पेरली की वर्षं मिळतात, आणि या धंद्यात वर्षं म्हणजेच नफा.

पुढे शंका विकेनाशी झाली, तेव्हा जबाबदारी वाटायला काढली. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याच्या मागची कल्पना अभ्यासकांची, पण तो घरोघरी पोचवला ब्रिटिश पेट्रोलियमने, म्हणजे बीपीने. 2004 च्या सुमाराला या कंपनीने लोकांना स्वतःचा कार्बन मोजायचं गणकयंत्र दिलं. माझं मोटार चालवणं, माझा विमानप्रवास, माझा दिवा. हिशेब करायला हरकत नाहीच. पण रोज लाखो पिंपं तेल उपसणाऱ्याने तेल जाळणाऱ्याच्या हाती वही द्यावी आणि म्हणावं, लिही तुझा गुन्हा. याला धाडस लागतं.

याच बीपीने 2020 मध्ये जाहीर केलं, की 2030 पर्यंत तेल-वायूचं उत्पादन 40 टक्क्यांनी घटवू. मोठ्या तेल कंपनीने असं म्हणणं ही खरोखर मोठी गोष्ट होती. 2023 च्या फेब्रुवारीत कंपनीने विक्रमी नफा जाहीर केला आणि त्याच दिवशी 40 चे 25 झाले. 2025 मध्ये तेही गेलं आणि तेल-वायूत जास्त पैसा घालायचं ठरलं. भागधारकांना जिथे जास्त परतावा दिसतो तिथे पैसा जातो. म्हणून कंपनीच्या स्वेच्छेच्या संकल्पावर धोरण उभारणं मला पटत नाही. संकल्प मोडायला संचालकांची एक बैठक पुरते.

काही म्हणतील, आता काळ बदललाय. खरंच बदललाय. 2010 ते 2020 या दहा वर्षांत मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च साधारण 85 टक्क्यांनी उतरला. आज सौर वीज बऱ्याच ठिकाणी कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त आहे. पण स्वस्त असणं आणि वाट मोकळी असणं वेगळं. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने 2019 मध्ये एक कायदा केला. त्याने दोन अणुवीज केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम देऊ केली, दोन जुन्या कोळसा केंद्रांना हात दिला आणि अपारंपरिक विजेचं लक्ष्य खाली आणलं. विधेयकात योजनेचं नाव होतं, स्वच्छ हवा! पुढे उघड झालं, की फर्स्टएनर्जी या वीज कंपनीकडून सुमारे 6 कोटी डॉलर विधानसभेचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांच्या गोटात पोचले होते. 2023 मध्ये त्यांना 20 वर्षांची कैद झाली. हे प्रकरण लाचेमुळे सापडलं. कायद्यात बसणाऱ्या देणग्यांनी आणि जेवणावळींनी जे होतं, त्याचा खटला कुठे चालतो?

आणि ऊर्जा स्वच्छ झाली म्हणून सत्ता वाटली जाते, असंही नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार सौरपट्टी बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त होता. बॅटरीतलं बहुतांश कोबाल्ट कांगोच्या खाणींतून निघतं, आणि खाणीत उतरणाऱ्यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. मालक बदलले म्हणून मजुराचा दिवस पालटत नाही.

दुसरी वाट कुणी चाललंच नाही असं मात्र नाही. कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर मिडलग्रुंडेन इथे 2000 साली समुद्रात 20 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या सहकारी संस्थेच्या. सभासद आठ हजारांहून जास्त, साधी शहरवासी माणसं. पवनचक्की आपली असली की तिच्याविरुद्धची कुरकुर कमी होते आणि ताळेबंदही आपण मागू शकतो.

पण मोठे नियम ठरतात ते आंतरराष्ट्रीय परिषदांत. 2023 मध्ये दुबईला भरलेल्या हवामान परिषदेचे अध्यक्ष सुलतान अल जाबर हे अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख होते. तेल, वायू आणि कोळसा उद्योगांशी संबंधित दोन हजारांहून जास्त प्रतिनिधींना तिथे प्रवेश मिळाल्याचं स्वयंसेवी संस्थांनी मोजलं. तंबाखूबाबत जगाने हे वेगळं केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं कलम 5.3 सांगतं, की आरोग्य धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून ते जपा. हवामान करारात असं कलम नाही. आपण कुणाकडून आलो ते नोंदणीत सांगा, एवढी अट 2023 पासून आली आहे. सांगितलं, की आत जाता येतं.

नमस्कार.